अक्षर अजून मोठं कर

माझ्या एकशे बाराव्या ओळीत एक स्वल्पविराम आहे. पडद्यावर तो तांदळाच्या कणीएवढाही दिसत नाही. त्याचं काम मात्र ठरलेलं आहे. तो ज्या अक्षरापुढे येतो, त्या स्वराखाली कागदावर एक टिंब उमटतं. टिंब असलं की तो स्वर खालच्या, म्हणजे मंद्र सप्तकात वाजवायचा. नसलं की मधल्या सप्तकात. मूळ आकारात छापल्यावर त्या टिंबाची रुंदी पाऊण मिलिमीटर भरते. या पाऊण मिलिमीटरवरून आमच्या घरात सव्वादोन वर्षं जे चाललं, ते मला सांगायचं आहे.

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. पुठ्ठ्याची, दोरी बांधलेली नव्हे, कॉम्प्युटरमधली. माझ्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं आहेत. गाण्याचे स्वर, ताल, शब्द, सगळं माझ्यात साध्या अक्षरांनी आणि खुणांनी लिहिलेलं आहे. एक प्रोग्राम मला वरपासून खालपर्यंत वाचतो आणि माझ्यावरून स्वरलिपीचं पान मांडतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, मात्रांचे उभे रकाने, त्यांखाली गाण्याचे बोल. मी सांगते तेवढंच तो करतो. एखादा कंस उघडून मिटायचा राहिला, तर तो पान काढायलाच नकार देतो. आम्हा दोघांत अंदाजाला जागा नाही.

माझा जन्म नऊ वर्षांपूर्वी दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दिवाळीच्या सुट्टीत झाला. मला लिहिणारी गिरिजा. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. हातात मोजपट्टी असली की जिला बरं वाटतं, अशी ती आहे. जे मला वाचणार होते ते तिचे वडील, विश्वनाथ. मीही त्यांना बाबाच म्हणते. बाबा एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. छत्तीस वर्षं टिप्पण्या लिहिण्यात गेल्यामुळे नुसतं कानाने ऐकलेलं त्यांना पुरेसं वाटत नसे. "कागदावर नाही म्हणजे झालंच नाही," असं ते म्हणत. पेटीसुद्धा ते कागद समोर ठेवूनच वाजवत.

द्वारकेतच कुमुदमावशींचा गायनवर्ग आहे. वेगवेगळ्या सोसायट्यांतल्या अकरा बायका दर रविवारी क्लबहाऊसमध्ये जमतात. मावशी स्वतः चाली बांधतात. दर फेब्रुवारीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम होतो आणि गेली एकोणीस वर्षं त्यात पेटीवर बाबा असतात. पूर्वी ते सगळ्या चाली एका लांबट रजिस्टरमध्ये हाताने लिहीत. त्या रजिस्टरवर एकदा चहा सांडला आणि अर्ध्या बंदिशी निळ्या डागांत गेल्या. म्हणून माझा जन्म झाला.

माझं पहिलं पान छापून आलं तेव्हा बाबांनी ते बाल्कनीत नेऊन उजेडात धरलं. रकाने एकाखाली एक सरळ होते. सोळा मात्रांचं एक आवर्तन बरोबर एका ओळीत बसलं होतं.

"गिरिजा, अगं हे तर पुस्तकासारखं झालंय!"

त्या वर्षी अकराही बायकांनी माझ्या प्रती मागून नेल्या. हरीशकाकांनीही नेली. हरीशकाका बाबांचे जुने मित्र, गाझियाबादला राहतात आणि मेट्रो बदलत बदलत तालमीला येतात. ते कीबोर्ड वाजवतात, पण मावशींच्या कार्यक्रमात कीबोर्डला जागा नाही, म्हणून टाळ घेऊन बसतात.

"यार विश्वनाथ," ते म्हणाले होते, "तू वाजवतोस त्यापेक्षा हे दिसायला बरंय. नुसतं हेच दाखवू या लोकांना."

ते माझे चांगले दिवस. पुढे साथीमुळे दोन वर्षं तालमी बंद पडल्या आणि मी एका फोल्डरमध्ये तशीच पडून राहिले. मधल्या काळात प्रोग्राम बदलला. गिरिजाने मला पुन्हा उघडलं, तेव्हा नव्या आवृत्तीने माझ्या अकरा ओळी नाकारल्या. मी तीच होते, पण माझी बोलण्याची रीत जुनी झाली होती. गिरिजाने एकेक ओळ दुरुस्त केली. तिची एक सवय इथे सांगायला हवी. ज्या ओळीच्या सुरुवातीला टक्केवारीचं चिन्ह असतं, ती ओळ प्रोग्राम वाचत नाही, सोडून देतो. ती माणसांसाठी असते. गिरिजा माझ्यात काहीही बदललं की अशा एका ओळीत तारीख आणि कारण लिहून ठेवते. प्रयोगशाळेच्या वहीत लिहावं तसं.

सव्वादोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात बाबांनी पहिली तक्रार केली.

"हे बघ, इथे मंद्र कोमल नि आहे ना? टिंबच दिसत नाही."

ती तक्रार खरी होती, मित्रांनो. कोमल म्हणून नि या स्वराखाली रेघ येत होती आणि मंद्र म्हणून टिंबही येत होतं. नव्या आवृत्तीत दोघांची जागा एकच झाली होती. टिंब रेघेला चिकटून रेघेचाच एक फुगवटा वाटायचं. गिरिजाने ते भिंगाखाली धरून पाहिलं, टिंब सहा दशांश मिलिमीटर खाली सरकवलं, आणि माझ्यात ओळ लिहिली: ११ नोव्हेंबर. टिंब रेघेला चिकटतं. अंतर वाढवलं.

पहिली तक्रार खरी निघाली, हेच पुढच्या सगळ्याचं मूळ.

त्याच वर्षी डिसेंबरात बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त. सहा महिन्यांत करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. बाबा म्हणाले, "फेब्रुवारीतला कार्यक्रम होऊ दे." कार्यक्रम झाला. मग उन्हाळा फार होता. मग पावसाळ्यात जखम चिघळते म्हणाले. मग पुन्हा तालमी सुरू झाल्या. गिरिजाने दोनतीनदा विषय काढला. बाबा ताटावरून उठून जात. ते का उठतात हे तिला ठाऊक होतं. त्यांचे थोरले भाऊ ज्ञानोबा. बत्तीस वर्षांपूर्वी गावाकडे कुठल्याशा शिबिरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तो डोळा गेला. हे नाव घरात निघालं की पुढचं बोलणं थांबतं.

म्हणून गिरिजाने डोळ्यांबद्दल विचारणं सोडलं. आणि ती मला दुरुस्त करू लागली.

"अक्षर जरा बारीक वाटतंय." तिने चौदाचा आकार सोळा केला. "ओळी एकमेकींत शिरतायत." तिने दोन ओळींतलं अंतर दीडपट केलं. "शाई फिकी आहे का गं?" तिने प्रिंटरला नवी शाई घातली आणि माझ्यातल्या सगळ्या रेघा जाड केल्या. आकार बावीस झाला तेव्हा सोळा मात्रा एका ओळीत मावेनात. तिने आवर्तन मोडून आठ-आठ मात्रांच्या दोन ओळी केल्या. मग बाबांना सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे ते सापडेना, म्हणून समेच्या खुणेला चौकट आली. चौकट वरच्या ओळीतल्या बोलांवर चढली, म्हणून बोल खाली ढकलावे लागले. एक अडचण सोडवली की दुसरी दोन उभ्या राहत. शनिवार-रविवार ती माझ्यापुढे बसून असायची. मला दुरुस्त करणं अवघड होतं, तरी ते ताटावरून उठणाऱ्या माणसाला थांबवण्यापेक्षा सोपं होतं.

"गिरिजा, अक्षर अजून मोठं कर."

"करते, बाबा."

या जानेवारीत आकार तीस झाला. मी चार पानांची होते, अकरा पानांची झाले. तालमीत पानं उलटायला वेळ मिळेना म्हणून गिरिजाने ती एकमेकांना चिकटपट्टीने जोडली. स्टँडवर ती दोन्ही बाजूंनी लोंबत. एकदा पंख्याच्या वाऱ्याने सगळा पसारा कुमुदमावशींच्या डोक्यावर आला.

"विश्वनाथराव, स्वरलिपी आहे की धुणं वाळत घातलंय?" मावशी म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. बाबाही हसले. गिरिजा पानं गोळा करत राहिली.

खरी वेळ आली ती फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. बाहेर दाट धुकं होतं. क्लबहाऊसच्या काचांतून समोरचा टॉवर दिसत नव्हता. मावशींनी यंदा तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याच्या मधला पेटीचा तुकडा बदलला होता. पूर्वी तो मधल्या सप्तकातल्या नि या स्वरावरून वरच्या सा वर संपायचा. आता तो खाली उतरून मंद्र कोमल नि या स्वरावर यायचा आणि तिथून खालच्या सा वर. बायकांनी तो खालचा सा धरून गाणं उचलायचं. गिरिजाने बदल आठवड्यापूर्वीच माझ्यात केला होता, एकशे बाराव्या ओळीत. आकार तीस, टिंब जाड.

बाबांनी तुकडा वाजवला. सुरेख वाजवला. पण जुना वाजवला. पेटी वर थांबली, बायकांनी वरचा सा धरला, आणि दुसऱ्या ओळीत अकरा आवाज एकदम चिरकले.

"थांबा, थांबा. विश्वनाथराव, खाली यायचंय. नवीन आहे ते."

"कागदावर नाही तसं."

"आहे, बाबा," गिरिजा हळू म्हणाली.

"नाही म्हटलं ना. तूच छापायला विसरलीस. मी काय स्वप्नात बघून वाजवू?"

पुन्हा वाजवलं. पुन्हा वर. तिसऱ्यांदाही. हरीशकाकांनी टाळ मांडीवर ठेवले आणि गंमत करत म्हणाले, "चलो, कुमुदताई, पेटीला लिफ्ट बसवा. खाली यायचं नावच घेत नाही."

कोणी हसलं नाही. बाबांनी भाता बंद केला.

"हरीश, तुला बसायचंय का इथे? बस. ये, बस!"

"अरे यार, मी सहज..."

"सहज नाही. दोन वर्षं बघतोय मी, कीबोर्ड घेऊन येतोस आणि कोपऱ्यात ठेवतोस."

कुमुदमावशींनी तालीम थांबवली. निघताना त्यांनी गिरिजाला दारापाशी गाठलं. "पुढच्या रविवारी कार्यक्रमपत्रिकेला नावं द्यायची आहेत गं. एकोणीस वर्षं मी पेटीपुढे दुसरं नाव लिहिलेलं नाही. मला लिहायचंही नाही. पण मला त्या दिवशी खालचा सा हवाय. बघ काय ते." कार्यक्रम त्याच्या पुढच्या रविवारी होता. म्हणजे दोन आठवडे.

घरी येऊन गिरिजाने मला उघडलं. एकशे बारावी ओळ पाहिली. स्वल्पविराम जागेवर होता. तिने छापलेलं पान हातात घेतलं. टिंब जागेवर होतं, मोहरीच्या दाण्याएवढं. फाईल बरोबर होती, कागदही बरोबर होता. मग ती वर गेली, माझ्या अगदी सुरुवातीला, आणि टक्केवारीच्या चिन्हाच्या ओळी एकामागून एक वाचत खाली आली. आकार १६. आकार १८. ओळींतलं अंतर दीडपट. आकार २२. शाई फिकी म्हणतात. आकार २६. आकार ३०. प्रत्येक ओळ तिने वेगळ्या दिवशी लिहिली होती. एका दमात तिने त्या कधीच वाचल्या नव्हत्या. मी स्वरलिपीची फाईल होते, पण त्या ओळींपुरती मी एका रुग्णाचा केसपेपर झाले होते, आणि तो तिच्याच हातचा होता.

तरीही तिची खात्री झाली नाही, किंवा तिला ती होऊ द्यायची नव्हती. तिने शाळेत शिकवतात तसं केलं. प्रयोग केला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत वाईट काम. तिने माझी एक प्रत काढली आणि त्या प्रतीतले सगळे स्वल्पविराम पुसून टाकले. एकूण चौतीस. मग दोन्हींतलं तेच एक पान छापलं. एकावर नऊ टिंबं. दुसऱ्यावर एकही नाही. कोपऱ्यात पेन्सिलीने अ आणि ब लिहिलं. मंगळवारी शाळेतून आल्यावर तिने दोन्ही पानं बाबांपुढे टेबलावर ठेवली.

"बाबा, दोन प्रकारे छापून आणलंय. कुठलं बरं आहे बघा."

बाबांनी चष्मा पुसला. पान खिडकीकडे नेलं, परत आणलं, थोडं तिरकं धरलं. ते बराच वेळ पाहत होते. गिरिजा हाताची घडी घालून उभी होती. मला ते सगळं दिसत होतं. मी पडद्यावर उघडीच होते.

"हे," बाबा म्हणाले आणि ब वर बोट ठेवलं. "बिल्कुल स्वच्छ. यात टिंबं कशी छान दिसतात बघ. हेच आधी का नाही केलंस?"

गिरिजा "बरं" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ सुरू होता.

गुरुवारी संध्याकाळी तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणला. बाबा मटार सोलत होते.

"बाबा, थोडं वाचून दाखवते. मधे बोलू नका."

आणि तिने त्या ओळी वाचल्या. पहिलीपासून. अकरा नोव्हेंबर, टिंब रेघेला चिकटतं. एकोणीस जानेवारी, अक्षर बारीक वाटतं. दोन जुलै. चोवीस सप्टेंबर. तिचा आवाज सपाट होता, वर्गात आकडे सांगताना असतो तसा. बाबांचा हात तिसऱ्या ओळीला थांबला. शेंग अर्धी उघडी राहिली.

"हे काय आहे?"

"तुमची फाईल. माझ्याच हातची टिप्पणी आहे."

"पुढे?"

"पुढे मंगळवार. तो लिहिलेला नाही." तिने लॅपटॉप बाजूला सरकवला. "मंगळवारी तुम्ही जे पान निवडलंत ना, त्यावर एकही टिंब नव्हतं. मी सगळी काढून टाकली होती."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. नेमकं तिच्याकडे नाही, जरा डावीकडे.

"म्हणजे माझी परीक्षा घेतलीस."

"हो."

"मला न सांगता."

"हो, बाबा. चुकलं माझं. पण घेतली."

"किती मार्क?"

इमारतीवरून एक विमान खाली उतरत गेलं. द्वारकेत ते सारखं चालतं. पूर्वी बाबा शेपटीचा रंग पाहून विमान कुठल्या कंपनीचं ते सांगायचे. त्यांनी खिडकीकडे मान वळवली आणि विमान दिसेनासं झाल्यावरही ती तिथेच ठेवली.

"ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दादाची पट्टी काढली," ते म्हणाले. "दुसऱ्या डोळ्याने त्याला आधीच काही दिसत नव्हतं. मी समोर उभा होतो. ऊन भिंतीवर आलं होतं. दादाने मला विचारलं, अजून उजाडलं नाही का रे?"

गिरिजाने हे कधी ऐकलं नव्हतं. डोळा गेला एवढंच तिला माहीत होतं.

"मी काय म्हणालो माहितेय? म्हटलं, उजाडेल आता. एवढंच सुचलं."

ते पुन्हा मटार सोलू लागले. दाणे ताटात पडत होते, काही ताटाबाहेर. गिरिजाने ते उचलले नाहीत.

"मग कागदावरचं काही दिसतं का, बाबा?"

"बोल दिसतात, थोडे. स्वर आठवतात. जुने सगळे आठवतात. नवीन तुकडा..." त्यांनी मान हलवली. "मला वाटलं, ऐकून बसवीन. तुला कळायच्या आत बसवीन."

"आपण दाखवून येऊ. शनिवारी."

"दाखवून. फक्त दाखवून."

शनिवारी दवाखान्यात मी नव्हते. पण परत आल्यावर गिरिजाने मला उघडलं आणि सवयीने एक ओळ लिहिली, म्हणून मला कळलं. उजवा डोळा. आता थांबू नका म्हणाले, डोळ्यातला दाब वाढेल. गुरुवारी जागा आहे. उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचं. आणि त्याखाली आणखी एक ओळ: बाबा म्हणाले, कार्यक्रम झाला की बघू. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीचा कागद काढून दाखवला. त्यावरही तेच लिहिलेलं होतं.

घरी त्या दिवशी कोणी त्याबद्दल बोललं नाही. बाबा संध्याकाळी पेटी काढून बसले. नवा तुकडा त्यांनी चाळीसएक वेळा वाजवला. कधी बरोबर यायचा. कधी बोटं जुन्या वाटेने वर जायची. प्रत्येक वेळी गिरिजाचं स्केचपेन थांबायचं. ती शाळेतल्या मुलांसाठी तक्ता करत होती.

मित्रांनो, मी साधी अक्षरांची फाईल आहे. माझ्याकडे शहाणपण नाही. पण इतकी वर्षं दुरुस्त होत आल्यामुळे एक गोष्ट मला कळली आहे. माझ्यातली चूक दाखवणारा माणूस दरवेळी माझ्यातलीच चूक दाखवत असतो असं नाही. पहिल्या वेळी ती माझी होती. नंतर नव्हती. तुमच्या घरी कोणी म्हणालं की अक्षर बारीक आहे, दिवा मंद आहे, टीव्हीचा आवाज कमी आहे, तर अक्षर मोठं करा, दिवा बदला, आवाज वाढवा. पण तेवढ्यावर थांबू नका. म्हणणाऱ्याजवळ जरा बसा. तो उठून जाईल. तरी बसा. सव्वादोन वर्षं गिरिजा माझ्याजवळ बसली, कारण मी उठून जात नव्हते.

आता रविवारचं सांगते.

अकरा वाजता सगळे जमले. धुकं तसंच होतं. गिरिजा मला उघडून कोपऱ्यात बसली होती, काही बदलायचं झालं तर लगेच बदलता यावं म्हणून. तिच्या शेजारी फोन उलटा ठेवलेला होता. दवाखान्याला कळवायला संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. हरीशकाका दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. कीबोर्ड यावेळी त्यांनी आणलाच नव्हता. मागच्या रविवारनंतर दोघं मित्र बोलले नव्हते.

कुमुदमावशींनी पत्रिकेचा कागद पेटीवर ठेवला. पेटीपुढची जागा कोरी होती.

"चौथ्या गाण्याआधीचा तुकडा घेऊ," त्या म्हणाल्या. "विश्वनाथराव, तुम्ही घ्या, मग आम्ही."

बाबांनी भाता उघडला. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. अकरा बायका त्यांच्याकडे पाहत होत्या. बाबांची बोटं बरोबर जागेवर होती. मला दिसत होतं, त्यांनी वाजवलं असतं तर कदाचित बरोबर आलं असतं. कदाचित नसतंही आलं.

भात्यातली हवा निघून गेली. पेटी वाजली नाही.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

बाबांनी स्टँडवरची पानं काढली. अकराच्या अकरा. चिकटपट्टीच्या घड्या घालत त्यांनी ती एकावर एक रचली. घाई केली नाही. मग मान वर केली आणि दाराकडे वळले.

"हरीश, इकडे ये."

"मी? अरे, राहू दे यार. ते परवाचं..."

"ये म्हणतोय ना. चप्पल काढ आणि ये. तुझी बोटं अजून शाबूत आहेत. ही पानं घे. फार मोठी आहेत, पण बरोबर आहेत. माझ्या मुलीने छापलीत." पानं हरीशकाकांच्या हातात गेली. बाबांनी पत्रिकेचा कागद मावशींकडे सरकवला. "कुमुदताई, यंदा पेटीपुढे याचं नाव लिहा."

"आणि तुम्ही?"

बाबा उठून उभे राहिले. एक हात त्यांनी पेटीच्या कडेवर ठेवला होता. गिरिजा बसल्या जागी ताठ झाली. ती कुठे बसली आहे हे त्यांना दिसत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. ते तिच्या दिशेनेच बोलले.

"गिरिजा, फोन कर. गुरुवारी मी डोळ्याचं ऑपरेशन करून घेणार आहे."